दारातनं ये

१२ एप्रिल १९९४, मंगळवार. बारामती

आज दुपारी साडेतीन वाजता माझं सगळं बदललं. वेळ नक्की माहीत आहे, कारण मी समोरच्या घड्याळाकडं बघत होतो. तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती.

सुजाता स्टुडिओत आली. सोबत तिचे वडील, नाना, आणि इथं बारामतीत राहणारी आत्या. स्थळासाठी फोटो काढायला.

मालक, बापू, फलटणला लग्नाच्या ऑर्डरीवर. म्हणजे फोटो मीच काढायचा. पडदा खाली सोडला. समुद्र, दोन नारळ, एक होडी. आमच्या भागात समुद्र बघितलेली माणसं बोटावर मोजण्याएवढी, पण घराघरात ह्या समुद्रापुढचा फोटो आहे. आमच्याही घरी आहे. मी आईच्या मांडीवर, दादा, माझे वडील, मागं उभे, आणि दादांच्या डोक्यातनं नारळ उगवलाय.

आत्या म्हणाली, "जरा गोरी काढ रं. बापूंच्या फोटोत समद्या गोऱ्या येत्यात."

नाना शाळामास्तर. चष्म्यावरनं बघत राहिले. "डेपोतल्या मेकॅनिकचा ना तू? सणसरचा? सुजाच्या वर्गात होतास."

"होतो."

कॉलेज का सोडलं ते त्यांनी विचारलं नाही. तेच जास्त लागलं.

हनुवटी नीट करायला जवळ गेलो. हात लावला नाही, नुसतं बोटानं दाखवलं, वर, अजून वर. तर ती ओठ न हलवता, फोटोला बसल्यासारखीच बसून म्हणाली, "वाईट काढ."

मला वाटलं भास.

"नकार येईल असा काढ, दीपक. मला तिसरं वर्ष पुरं करायचंय."

सव्वा वर्षानं माझं नाव तिच्या तोंडून. आणि नावाच्या आधी काय, तर वाईट काढ.

दिवा गुडघ्याएवढा खाली घेतला. पापणी मिटायची वाट बघून बटण दाबलं. तीनदा. समुद्र मात्र तिन्ही वेळा छान आला असणार.

१३ एप्रिल

निगेटिव्ह धुतल्या. जमलंय. नाकाची सावली कपाळावर, डोळे अर्धे मिटलेले. पंचवीस वर्षं हे दुकान चालू आहे, इतकी वाईट निगेटिव्ह इथं धुतली गेली नसेल.

आता खरं म्हणजे पेन्सिल चालवायची. बापूंची खासियतच ती. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक टिंबं द्यायची, कागदावर तेवढी जागा उजळ होते. मुरूम जातात, देवीचे व्रण जातात, रंग दोन पायऱ्या वर चढतो. म्हणून तर स्थळाचे फोटो काढायला इंदापूर, फलटणहून लोक येतात. बापू म्हणतात, "माझ्या फोटोतली पोरगी कधी नाकारली गेली नाही." नंतर नवऱ्याकडचे काय म्हणत असतील ते त्यांना कोण सांगणार.

पेन्सिल हातात घेतली आणि परत ठेवली. तिच्या डाव्या भुवईत एक चीर आहे. लहानपणी जात्यावर पडलेली. ती मी पुसणार? मेलो तरी नाही.

तिच्यासाठी वाईट काम केलं. इतकं बरं ह्या सव्वा वर्षात वाटलं नव्हतं.

१४ एप्रिल. सणसर

जयंती. सकाळपासून निळा गुलाल. दादांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला. दुपारी शिकणाऱ्या पोरांचा सत्कार, फोटो काढायला मी. मागच्याच्या मागच्या वर्षी त्या रांगेत माझं नाव होतं. बारावीला असताना. दादांनी सत्काराचा तो नारळ तीन महिने फोडला नव्हता.

रांगेतल्या प्रत्येकाला म्हणालो, जरा हस. दादा मांडवाच्या खांबाला टेकून माझ्याकडं बघत होते.

इथं एकदाच लिहितो. डिसेंबर ९२, फिजिक्सचं प्रॅक्टिकल. मी आणि सुजाता एकाच बॅचमध्ये, एकाच टेबलावर. भिंगाची फोकल लेंथ काढायची होती. तिनं कोरा कागद धरला, मी भिंग पुढं-मागं केलं आणि खिडकीबाहेरचं लिंबाचं झाड त्या कागदावर उलटं उतरलं. पानं हलत होती. तिच्या हातात झाड हलत होतं. आम्ही दोघं बघत राहिलो. माझं जे काही व्हायचं ते तिथंच झालं, प्रेम म्हणा, फोटो म्हणा.

त्याच तासाला, जर्नल तपासताना, सर मला म्हणाले, "तुमचं काय, तुम्हाला पस्तीस पडले तरी चालतंय." वर्ग हसला. मी जर्नल त्यांच्या टेबलावर फेकलं, जे तोंडात आलं ते बोललो, बाहेर पडलो आणि दार असं आपटलं की वरची काच खळ्ळकन खाली. परत गेलो नाही.

परवा पडद्यापुढं ती बसली तेव्हा हे सगळं पहिल्यासारखं आठवलं. काचेसकट.

१९ एप्रिल. बारामती

नाना फोटो परत घेऊन आले. बापूंच्या टेबलावर ठेवला, पालथा.

"बापूराव, ही आमची सुजा नाही."

बापूंनी उलटा केला. बराच वेळ बघितला. मग मला हाक मारली. "अरे, हे काय भूत काढलंस? मुलीच्या हनुवटीखाली शेकोटी पेटवली होतीस का?"

नानांपुढं अर्धा तास खाल्लं मला. मी गप्प. रागानं कानशिलं तापली होती, पण गप्प. असं मी गप्प बसल्याचं आठवत नाही.

शेवट वाईट झाला. बापू म्हणाले, एका पतसंस्थेच्या कॅलेंडरसाठी ह्याला रविवारी तुमच्याच बाजूला पाठवतोय, पाण्यातलं देऊळ, ढग, जुनी बांधकामं वगैरे. तिथंच घरी येऊन काढेल. आणि या वेळी नीट काढेल.

नाना म्हणाले, "आमच्या आबांनाही एक फोटो पाहिजे होता. जुन्या घराचा."

"घर तर धरणाच्या पाण्यात गेलं ना?"

"सध्या वर आहे. जेवढं उरलंय तेवढं."

२४ एप्रिल, रविवार

आज लिहायला हात वळवळतोय आणि लिहू नये असंही वाटतंय.

उजाडायला बापूंच्या लुनावरनं निघालो. भिगवणच्या पुढं कच्च्या रस्त्यानं पाण्याकडं. धरणाचं पाणी मैलभर मागं सरकलेलं. पावसाळा संपताना इथं उभं राहिलं तर पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वारं खारं नाही एवढंच. आमचा समुद्र हाच. बापूंच्या पडद्यावर नारळाऐवजी बाभळी काढल्या तरी चालतील.

बारा फोटोंचा रोल. जपून वापरला. पहिले तीन देवळाचे, पायथा गुडघाभर पाण्यात. एक होडी. एक, भेगाळलेला गाळ, भेगांत शिंपले. एक, जुना डांबरी रस्ता, मैलाच्या दगडासकट सरळ पाण्यात शिरलेला. हा चांगला आलाय, मला माहिताय. नंतर आभाळ. सकाळी राखेचा रंग होता, नऊच्या सुमाराला पश्चिमेला एकच ढग उगवला, फुलकोबीसारखा, आणि त्याची सावली पाण्यावरनं चालत काठाला आली. त्याच्यामागं पळत तीन फोटो घालवले. देवळाच्या ओवरीत दोन. अकरा झाले. एक उरला, तिच्यासाठी. तो वाईट काढायचा होता.

तिचं घर नव्या गावठाणात. विटांचं, पत्र्याचं. पण दार भलतंच बुटकं आणि जाड, जुन्या बाभळीचं. मी थाडकन डोकं आपटलं. आत सगळे हसले. तीही. मी आत आलो आणि दार सवयीनं मागं ढकललं तर ते फरशीला करकर घासत अडकलं.

"हळू! जरा उचलून लोट, मग लागतंय," कोपऱ्यातनं आवाज आला. तिचे आजोबा, आबा. ऐंशीच्या घरातले, काटक, डोळे टकटकीत.

चहा झाल्यावर म्हणाले, "चल, घर दावतो. सुजे, तू बी चल. तितंच काढील तुजा फोटो."

नाना म्हणाले, तिथं ऊन आहे, चिखल आहे, स्थळाचा फोटो कशाला तिथं. आबा तोवर चपला घालून बाहेर.

गाळातनं अर्धा तास चाललो. देवळापाशी पाचपन्नास माणसं, मोटारसायकली, कुणीतरी कॅमेराही आणलेला. आबांनी तिकडं मानसुद्धा वळवली नाही. "देवळाचा फोटो समदे काढत्यात. आमच्या वस्तीचा कोण काढणार?"

वस्ती उताराला, गावाच्या बाहेर. देऊळ दगडाचं म्हणून उभं राहिलं. इथली घरं मातीची, विरघळून गेली. नुसती दगडांची जोती उरली, ओळीनं, घोट्याएवढी. एक जातं. चुलीचा एक दगड.

आबा एका जोत्यापाशी थांबले. मी कॅमेरा सावरत, जोत्याच्या दगडांवरनं पाय टाकून आत गेलो.

"आरं आरं! भितीतनं कुटं निगालास? दारातनं ये!"

मी चपापलो. मागं आलो. आबा जोत्याच्या मधोमध उभे राहिले, दोन दगडांत हातभर मोकळी जागा होती तिथं. "हितं दार. आत्ता घरी तू डोस्कं आपाटलंस त्येच. आदी नुसता बांबूचा तट्ट्या हुता. छप्पन साली धम्म घेतला, आन त्या साली ह्ये दार केलं मी. सोताच्या हातानं. लाकूड तेवडंच मिळालं म्हून बुटकं. वस्तीतलं पयलं कडीचं दार. पयल्या राती चार बाऱ्या कडी लावली आन काडली. आतनं लावता येती, ह्येचीच मजा." मग जरा थांबून, "पाणी आलं तवा समदे भांडी नेत हुते. मी दार खांद्यावर घिऊन गेलो."

मी दारातनं आत गेलो. कॅमेरा हा असा डब्यासारखा, वरनं मान खाली घालून बघावं लागतं. मान घातली. काचेत आबा, जोती, मागं पाणी, ढग.

"सुजे, तू बी ये. वाक पर! लागंल डोस्क्याला."

आणि ती आली. आबांनी एका हातानं नसलेली चौकट धरून ठेवली होती, दुसऱ्या हातानं ये म्हणत होते, आणि ती हसू दाबत, पदर सावरत, जिथं काही म्हणजे काही नाही त्याखाली नीट वाकून आत आली. पाचव्या वर्षी हे घर सोडलं तिनं. तिच्या मानेला आठवत होतं. वाकता वाकता तिनं जरा वर बघितलं. भुवईतली चीर, ढगाची सावली तिच्या एका खांद्यावर, आबांचा हात.

मी बटण दाबलं.

वाईट काढायचा आहे हे मला बटण दाबल्यावर आठवलं.

रोल संपला होता. तिनं जवळ येऊन हळूच विचारलं, "काढलास ना वाईट?"

मी म्हणालो, "हं."

२५ एप्रिल

आज बापू यायच्या आत डार्करूममध्ये शिरलो. कागद औषधात टाकला. आधी ढग आला. मग आबांचा हात. मग ती.

असा फोटो मी काढलाय यावर माझाच विश्वास बसेना. पाणी गळत असलेला तसाच धरून उभा राहिलो.

फाडणार आहे. निगेटिव्हसकट. उद्या.

२६ एप्रिल

नाही फाडला.

२८ एप्रिल

बापूंना दोरीवर वाळत घातलेला सापडला. मी विसरलो असं लिहिणार होतो, पण ही माझीच वही आहे. मी तिथंच घातला होता, त्यांना दिसेल असा.

चष्मा पुसून बघितला. परत पुसून बघितला. "कुणी काढला?"

"मी."

"पेन्सिल?"

"नाही लावली."

"लावू पण नकोस." बापूंनी सव्वा वर्षात मला चांगलं म्हटलेलं नाही. आजही म्हटलं नाही. नुसतं म्हणाले, "हा हात माझा नाही." आणि चहा मागवला, दोघांना.

मग म्हणाले, म्हातारा कापून टाक. स्थळाच्या फोटोत म्हातारा कशाला? मुलगी तेवढी ठेव, पोस्टकार्ड साइज, तीन प्रती.

चहाचा कप हातात होता. त्या एका वाक्यानं छाती अशी भरून आलेली की मी एन्लार्जरखाली चौकट सरकवली, आबा बाहेर, ती आत. तीन प्रती. नाना दुपारी आले तेव्हा पाकिटात घालून मीच दिल्या. माझ्या हातानं.

नाना बघत राहिले. "ही सुजा," म्हणाले.

११ मे

होकार. पणदऱ्याचं स्थळ, मुलगा दूध डेअरीत नोकरीला, ऊस आहे. बापूंनी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला कौतुकानं सांगितलं म्हणून मला कळलं. मुलाच्या आईनं म्हणे फोटो बघितला आणि तिथंच म्हणाली, हीच. बघा कशी मान खाली घालून उभी हाय. आजकालच्या पोरींत असलं वळण कुठं ऱ्हायलंय.

मान खाली घालून!

तिला काय माहीत वर दार होतं. दार कापलं गेलं, आबांबरोबर. मी कापलं.

पाच जूनला बघायला येणार.

१३ मे

एसटी स्टँड. ती आत्याकडनं गावी निघालेली, भिगवणच्या गाडीची वाट बघत होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी दोन दिवस स्टँडवर घिरट्या घालत होतो, एवढंच.

समोर उभा राहिलो. ती बघेना.

"सुजा, मला जमलं नाही."

"काय जमलं नाही?"

"तुझा वाईट फोटो काढायला."

तेव्हा बघितलं तिनं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "जर्नल फेकायला जमलं. शिव्या द्यायला जमलं. काच फोडायला जमलं. मी सांगितलेलं एक काम जमलं नाही."

"पहिल्यांदा काढला होता ना..."

"पहिल्यांदा माझं ऐकलंस. दुसऱ्यांदा स्वतःचं."

मी काहीतरी मूर्खासारखं बोललो. पणदऱ्याला जातो, त्या मुलाला बघतो. ती हसली, ते हसू नव्हतं. "जा. त्याचं पण दार आपट."

गाडी लागली. पायरीवर चढताना थांबली. कंडक्टर ओरडतोय आणि ही शांतपणे मला सांगतेय, "ते वाक्य फक्त तुला नव्हतं. माझंही जर्नल त्याच गठ्ठ्यात होतं. मीही ऐकलं. मी बसले. अजून बसलेय. तुला वाटतं बसायला कमी राग लागतो?"

गाडी गेली. स्टँडवरच्या धुरळ्यात बराच वेळ उभा होतो. सव्वा वर्ष मला वाटत होतं की त्या दिवशी एकट्याचा अपमान झाला.

१७ मे. सणसर

ताप आहे म्हणून घरी. ताप नाही.

दादा जेवताना म्हणाले, "आमाला शाळंत दाराच्या बाहीर बसवत. पावसाचं बी. मास्तर आतनं सांगायचा, आमी बाहीरनं लिव्हायचो. सातवी पास झालो तसाच." भाकरी मोडली. "तुला आत बसाया मिळालं, तर तू दार आपटून आलास."

मागं कधी हे बोलले तेव्हा मी ताट सारून उठलो होतो. आज जेवलो पूर्ण.

जुन्या पेटीतनं समुद्राचा फोटो काढला. मांडीवरचा मी. किती खात्रीनं बघतोय कॅमेऱ्याकडं. दादा पंचविशीतले, सदऱ्याच्या खिशाला पेन. तेव्हा डेपोत लागून महिनाच झाला होता. लिहायचं काम नव्हतं, पण पेन लावून आले होते फोटोला. आई म्हणाली, "त्या दिशी तू समुद्राला भिऊन रडलास. पाणी पाणी करून."

हे तिला सांगावंसं वाटतंय. सगळं तिलाच सांगावंसं वाटतं, हाच तर रोग आहे.

२६ मे. बारामती

कॅलेंडरचे फोटो पतसंस्थेला गेले. रस्त्याचा घेतला नाही, म्हणाले रस्ता बुडालेला अपशकुनी दिसतो. देवळाचे पाच घेतले.

निगेटिव्ह परत बघताना बारावी पुढं आली. अख्खी. आबा, हात, दोन दगडांतली मोकळी जागा, ती. आबांना त्यांचा फोटो अजून दिलेलाच नाही! एवढा म्हातारा माणूस गाळातनं अर्धा तास चालला त्यासाठी, आणि मी त्यालाच कापून टाकलं.

आज मोठा कागद काढला. कुठंही न कापता, कडेपर्यंत. पेन्सिल नाही. दोन प्रती. वाळल्यावर शेजारी पोस्टकार्ड साइजची उरलेली नमुन्याची प्रत ठेवली. ह्यात एक मुलगी मान खाली घालते. त्यात एक मुलगी घरात येते.

बापू मागं येऊन उभे होते. म्हणाले, "म्हातारा असल्यावर चांगला दिसतोय." मग, "माझंच चुकलं." बापू!

३ जून

कॉलेजवरनं गेलो. फॉर्म सुटलेत, खिडकीला रांग. रांगेत नव्हतो, नुसता गेलो. प्रॅक्टिकल हॉलच्या दाराला नवी काच आहे. केव्हाची असणार. लिंबाचं झाड आहे.

५ जून, रविवार

क्रमानं लिहितो, नाहीतर राहून जाईल काही.

आबांचा फोटो द्यायला गेलो. आज बघण्याचा कार्यक्रम आहे हे माहीत होतं. दुपारी आहे असं समजत होतो. सकाळी देऊन परत यायचं, तिच्या वाटेत यायचं नाही, असं ठरवलं होतं. शपथेवर सांगतो.

तर मी आबांपुढं पाकीट ठेवतोय तेवढ्यात जीप आली. पणदऱ्याची पाहुणे मंडळी, चार तास आधी, ऊन व्हायच्या आत म्हणून. नानांची धांदल. मी कोपऱ्यात पाण्याच्या पिंपाजवळ अडकलो.

पाहुणे एक एक करून आत आले. मुलाचे वडील, मामा, आई, मुलगा. सगळे वाकून. मामांनी तरी आपटलंच. आबा कॉटवरनं प्रत्येकाला म्हणत होते, "वाका, वाका, लागंल." माझ्याशिवाय ते कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

सुजाता पोहे घेऊन आली. मुलाच्या आई म्हणाल्या, "फोटोत हाय तशीच हाय. मान खाली." मुलगा वाईट नाही. मला वाईट हवा होता. त्यानं खिशातनं ते पोस्टकार्ड काढलं, कडा मऊ झालेल्या. लाजत विचारलं, "ह्यात मागं पाणी दिसतंय. समुद्र हाय का कुठला?"

आबांनी हात पुढं केला, "बघू." त्यांनी तो फोटो पहिल्यांदाच बघितला. जवळ नेला, लांब नेला. "ह्यो माजाच फोटो हाय की," म्हणाले. "पर मी कुटाय?"

मी तोंड उघडलं. बोलणारच होतो, सगळं, पडद्यापुढचं, स्टँडवरचं, छाती फुटेपर्यंत भरलं होतं. सुजातानं माझ्याकडं बघितलं आणि नुसता तळहात जरा वर केला. थांब.

मी थांबलो.

तिनं ट्रे खाली ठेवला. आबांपुढचं पाकीट उचललं. मोठा फोटो बाहेर काढला आणि पाहुण्यांच्या पुढं, पोह्यांच्या बशा बाजूला सारून, चटईवर ठेवला.

"तुमी अर्धाच फोटो बघितला," ती म्हणाली. "हा पुरा. मी मान खाली घातली न्हाय. आबांच्या दारातनं आत येत होते. आत्ता तुमी सगळे आलात तशी."

मुलगा फोटोवर वाकला. मुलाच्या आईनं आधी फोटोकडं, मग दाराकडं बघितलं.

नानांचा चेहरा मला वाचता आला नाही. "सुजा," म्हणाले, नुसतं तेवढंच.

"नाना, मला बोलायचंय. पाहुण्यांपुढंच बोलायचंय, मागनं नको." ती जागची हलली नाही. मग माझ्याकडं वळली. "दीपक, तू जा आता."

मी दारापर्यंत गेलो. मागनं म्हणाली, "जाताना दार लाव."

आबा म्हणाले, "उचलून."

वाकलो. बाहेर आलो. पायरीवर दहा-बारा जोड चपला. आतमध्ये तिनं श्वास घेतल्याचं ऐकू आलं, बोलायच्या आधी घेतात तसा. तिथंच कान लावून उभं राहता आलं असतं.

दोन्ही हातांनी कडी धरली, दार जरा वर उचललं, हळूहळू लोटलं. घासलं नाही. लागलं.